भरलेल्या कॅरॅव्हॅनचं वजन आणि व्हिटबीची वाट

आधी एक दुरुस्ती. मागच्या लेखात मी लिहिलं होतं की आमच्या कॅरॅव्हॅनचं, म्हणजे गाडीमागे ओढायच्या चाकांवरच्या घराचं, वजन नऊशे साठ किलो, नव्या गाडीचं अकराशे ऐंशी, म्हणजे गाडी तिला आरामात ओढेल. हे चूक आहे. नऊशे साठ हे रिकाम्या कॅरॅव्हॅनचं वजन. सामानासकट ती जास्तीत जास्त किती भरायची, तो आकडा बाराशे आहे, आणि गाडीशी ताडून बघायचा तो हाच. हाउन्सलोच्या एका वाचकांनी कळवलं की माझं वाचून त्यांनी कॅरॅव्हॅन बघायला सुरुवात केली आहे. तेव्हापासून मला स्वस्थता नाही. कृपया थांबा आणि आधी हे वाचा.

बाबा लीड्सच्या हॉस्पिटलमध्ये भूल देणारे डॉक्टर होते. मी पाच वर्षांची असताना त्यांनी ही कॅरॅव्हॅन घेतली, तीही जुनीच. इंग्रजी शाळेच्या जोडीला माझी मराठी शाळा म्हणजे तीच होती. बाहेर यॉर्कशायरचा पाऊस, आत पोह्यांची वाफ, आणि धूसर झालेल्या खिडकीवर मी बोटाने गिरवलेला ‘ग’. आई म्हणायची, “वाफ आहे तोवर लिहून घे. मग पाटी कोरडी होईल.” आज मी हे मराठीत लिहू शकते, ते त्या खिडकीमुळे.

गेल्या हिवाळ्यात बाबांच्या उजव्या डोळ्याचा पडदा सरकला. ऑपरेशन झालं, पण नजर पुरती परत आली नाही. त्यांनी आपणहून गाडी चालवणं सोडलं. जुनी अवजड डिझेल इस्टेट, म्हणजे मागे लांबलचक डिकी असलेली गाडी, विकली आणि आईला बाजारहाट करता येईल अशी छोटी पेट्रोल गाडी घेतली. आमच्याच रस्त्यावरच्या एका तरुण जोडप्याने कॅरॅव्हॅन विकता का म्हणून विचारलं. बाबा मला म्हणाले, “सप्टेंबरात एकदा व्हिटबीला जाऊन येऊ. तुला ओढायला जमली तर ठेवू. नाही जमली, तर त्यांना देऊ.”

शनिवारी सकाळी सामान भरलं. आमच्याकडे भरण्याची एक ठरलेली रीत आहे. पुढच्या खिडकीशी आईचे देव. त्यांच्या खालच्या पेटीत कांदे-बटाटे, चपला, गॅसचं जास्तीचं सिलिंडर असलं काही ठेवायचं नाही. म्हणजे तांदूळ, डाळी, कुकर, लोखंडी तवा, सगळं मागच्या स्वयंपाकघरात. वीस वर्षं असंच चाललं होतं, कारण जुनी इस्टेट कशालाच बधत नव्हती.

लीड्सहून ए-चौसष्ट हमरस्त्याने निघालो. टॅडकास्टरच्या पुढे उतार लागला. मी ताशी पंचावन्न मैलांच्या वेगात होते. एक मोठी कोच बस शेजारून निघून गेली आणि कॅरॅव्हॅन मागे शेपटीसारखी हलायला लागली. आधी थोडी, मग इतकी की आमची गाडीच डावी-उजवीकडे ओढली जाऊ लागली.

“सई, ब्रेक नको,” बाबा अगदी हळू म्हणाले. पेशंटशी बोलत असत तसं. “अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढ. स्टिअरिंग सरळ धर. तिच्याशी भांडू नकोस.”

वेग उतरला तशी ती शांत झाली. पुढच्या ले-बायमध्ये, रस्त्याकडेच्या थांबायच्या जागेत, थांबलो. आईने थर्मासमधला चहा ओतला. बाबांनी जोडणी सोडवायला लावून मला कॅरॅव्हॅनचं नाक उचलायला सांगितलं. ते एका हाताने उचललं गेलं.

“बघ. पुढे भारच नाही, सगळा संसार मागे. थोडा भार हुकावर हवा, जड सामान मधे, चाकांच्या वर, खाली जमिनीवर.” मग आईकडे वळून, “अगं, थोडे बटाटे पुढे चालतील का?”

“देवांच्या पायाशी बटाटे?”

“देवांनी आत्ताच पाहिलं ना काय झालं ते!”

“अहो, मग देवच हलवते,” आई म्हणाली आणि देव मांडीवर घेऊन मागच्या सीटवर बसली. “आता भरा काय भरायचं ते.”

भरून झालं, तरी बाबांना खात्री हवी होती. म्हणून माल्टनला पशुखाद्याच्या एका दुकानाच्या आवारातल्या वजनकाट्यावर गेलो. पाच पौंड घेतात. काट्यावरच्या बाईंनी कॅरॅव्हॅनच्या दाराजवळच्या पाटीवरचा आकडा वाचायला सांगितला. मी वाचला: बाराशे. आमची गाडी रिकामी अकराशे ऐंशीची.

“टेस्ट कधी पास झालीस, लव्ह? सत्त्याण्णवच्या आधी की नंतर?”

“नंतर.”

तुमच्यापैकी बरेच जण इथे अलीकडे येऊन टेस्ट देणारे आहात, म्हणून स्पष्ट लिहिते. सत्त्याण्णवनंतरच्या साध्या परवान्यावर कॅरॅव्हॅनचा पाटीवरचा आकडा गाडीच्या रिकाम्या वजनापेक्षा जास्त चालत नाही. कॅरॅव्हॅन प्रत्यक्षात रिकामी असली तरीही. आणि दोन्हींचे भरलेले आकडे मिळून साडेतीन हजारांच्या आत हवेत. बाबांचा परवाना जुना, त्यांना सगळं चालतं. म्हणजे ओढायचा परवाना बाबांकडे आणि डोळे माझ्याकडे. लीड्सपासून तिथपर्यंत मी बेकायदा आले होते. मला रडूच आलं.

बाबांनी व्हिटबीच्या जॉर्जला फोन केला. त्याच्या शेतावर आम्ही दर वर्षी उतरतो. तो दीड तासात आपली चिखलाने माखलेली जीपसारखी फोर-बाय-फोर घेऊन हजर. “काय डॉक्टर, या वर्षी घरपोच सेवा हवी का?”

त्याने कॅरॅव्हॅन जोडली आणि आम्ही मागोमाग निघालो. माळावरच्या हेदरच्या झुडपांचा जांभळा रंग ओसरत आला होता. लहानपणी मी कायम तिच्या पुढे असायचे, गाडीत, मागे वळून ती येतेय ना बघत. चालताना ती मागून कशी दिसते हे मी पहिल्यांदाच पाहिलं. स्लाइट्स गावाजवळच्या त्या भयंकर उतारावर ती जॉर्जच्या मागे शहाण्यासारखी उतरली. बाबांना नीट दिसत नव्हतं, म्हणून मी सांगत गेले. “आता वळली. आता ब्रेकचे दिवे लागले.”

जॉर्जच्या शेतावर रात्रीचे बारा पौंड, विजेसकट. नळ जवळ, शॉवर मात्र थंडगारच समजा. बंदरावरचे फिश अँड चिप्स समुद्रपक्ष्यांपासून सांभाळून खा. आईने लिंबाचं लोणचं नेलं होतं, तेही करून बघा. टेकडीवरच्या पडक्या मठाच्या, अ‍ॅबीच्या, पायऱ्या बाबा माझा खांदा धरून चढले. वर बाकावर बसल्यावर म्हणाले, “देऊन टाकू. त्यांची मुलं लहान आहेत, त्यांना वीस वर्षं मिळतील.”

“मला जमलं नाही म्हणून?”

“तसं ठरलं होतं ना.”

“अहो,” आई म्हणाली, “रस्त्यावर ती हलत होती तेव्हा पोरीने स्टिअरिंग सोडलं का? जमलं नाही ते तिच्या परवान्याला.”

बाबा आईकडे वळले. मग म्हणाले, “परवाना काढता येतो. पण ही गाडी तरी पुरणार नाही.”

बरोबर आहे. कायद्यात बसलं तरी नवशिक्याने कॅरॅव्हॅनचा भरलेला आकडा गाडीच्या वजनाच्या पंच्याऐंशी टक्क्यांच्या आत ठेवावा असं सगळे जाणते सांगतात. आमच्या बाराशेला चौदाशेच्या वरची गाडी लागेल. माझा रोजचा बसप्रवास सोडून मी तसलीच एखादी जुनी इस्टेट घ्यावी का, हे गेला आठवडाभर मनात घोळतंय.

कॅरॅव्हॅन जॉर्जच्या धान्याच्या कोठारात आहे. लीड्सला परतलो तेव्हा आमच्या अंगणात तिच्या जागी फिक्या सिमेंटचा लांबट तुकडा होता. आई रोज सकाळी तिकडे बघते आणि पडदा पुन्हा ओढते. मी मात्र ट्रेलर ओढायच्या परवान्यासाठी एक शिक्षक शोधला आहे. तो त्याची गाडी आणि त्याचा ट्रेलर देतो. उलटं नेताना मी अजून ट्रेलर कुंपणात घालते. शेजारची जागा शिक्षकाची, म्हणून बाबा फुटपाथवर उभे राहून चाकांचा आवाज ऐकतात आणि म्हणतात, “फार फिरवलंस. थोडंच फिरव, आणि वाट बघ.”

त्या जोडप्याला बाबांनी माझी टेस्ट होईपर्यंत थांबायला सांगितलं आहे. ट्रेलरची टेस्ट मंगळवारी, १४ ऑक्टोबर २००८ला.