बोटाखालचा तिसरा बँड

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही, माझ्या गाईडला तर नाहीच नाही. आणि आता सांगतेय ते मन हलकं करायला, असंही समजू नका. माझं मन जडबिड काही नव्हतं. बारा वर्षं मी व्यवस्थित जेवले, व्यवस्थित झोपले. हेच तर सांगायचंय ना.

मग आत्ताच का? सांगते. घाई करू नका. मला वळसा घालून मुद्द्यावर यायची सवय आहे, वर्गात पोरंसुद्धा वैतागतात.

आधी धंदा सांगते. मी अँटेना बनवते. गच्चीवरचा काटेरी नव्हे, तो गेला आता. माझा अँटेना बिस्किटाएवढा – एक पातळ पाटी, वरच्या अंगाला तांब्याचा चौकोनी तुकडा, खालच्या अंगाला सबंध तांबं. वरच्या तुकड्याला पॅच म्हणतात. त्यात नेमक्या जागी खाचा पाडल्या की एकच पाटी दोन-तीन बँडवर काम करते. आमच्या वरकुट्यात बँड म्हटलं की लग्नातला! पीएचडीला लागले तेव्हा तात्या, माझे चुलते, म्हणाले होते, "पोरी, तीन तीन बँड कशाला? एकात भागत न्हाय व्हय?" तेव्हा मी हसले होते.

मला तीनच पाहिजे होते. एक मोबाईलचा, एक वायफायचा आणि तिसरा उसाच्या फडात ओलावा मोजणाऱ्या डब्यांसाठी. पहिले दोन तेव्हाही कुणीही करत होतं. तिसरा माझा होता. त्या तिसऱ्यावर माझी पीएचडी उभी होती.

तो आहे की नाही हे कसं कळतं? पाटीच्या कडेला एक पितळी कनेक्टर सोल्डरनं जोडायचा – या जोडाला दुरुस्तीवाले टाका म्हणतात. कनेक्टरला केबल, केबल मशीनला. मशीनच्या पडद्यावर एक रेघ येते, आणि अँटेना ज्या बँडवर चालतो तिथं त्या रेघेला खड्डा पडतो. तीन बँड, तीन खड्डे. एवढं लक्षात ठेवा, बाकी सगळं कळेल.

ते मशीन तेव्हा आमच्या कॉलेजात नव्हतं. पुण्यातल्या एका संस्थेत होतं, अर्ज केल्यावर वेळ मिळायची. मला एक सकाळ मिळाली. इंदापूरहून पहिली एसटी धरली, पर्समध्ये रुमालात गुंडाळलेली पाटी. कॉम्प्युटरवर तिचे तीन खड्डे कसे सुरेख पडत होते! मशीनवर पडले दोन.

पुन्हा लावली. दोन. केबल बदलली. दोन. तिथला माणूस चहाला गेला. केबलच्या वजनानं पाटी सारखी कलंडत होती, म्हणून मी ती बोटानं दाबून धरली – कनेक्टरच्या मागं, टाक्यावरच – आणि तिसरा खड्डा पडला. अगदी पाहिजे तिथं. बोट काढलं, गेला. ठेवलं, आला.

आता मला सांगा, अँटेनात चार वर्षं घातलेल्या बाईला याचा अर्थ कळत नसेल? हात लावल्यावर जो येतो तो अँटेनाचा नसतो. हे मी पोरांना पहिल्याच तासाला शिकवते. आमच्या लॅबच्या भिंतीवर माझ्याच अक्षरातला कागद आहे : मोजताना हात लांब.

मी बोट ठेवलं आणि दुसऱ्या हातानं सेव्हचं बटण दाबलं.

हाच गुन्हा, असं वाटलं ना? थांबा. हाही आहे. पण नुसत्या एवढ्यासाठी मी तुम्हाला बसवून घेतलं नसतं.

आणि मध्येच एक सांगते, म्हणजे तुम्ही माझ्यासाठी कारणं शोधत बसणार नाही. गरिबी? नव्हती. घरचा जाच? मुळीच नाही, सासूबाई डबा भरून द्यायच्या. बाई म्हणून लोकांनी त्रास दिला? दिला की! पण त्या सकाळी त्या खोलीत मी एकटी होते. बोट माझं होतं. तेव्हा ती दया तुमच्यापाशीच ठेवा.

पीएचडी झाली. पेपर छापून आला. गावात सत्कार झाला, तात्यांनी फेटा बांधला. मी बारामतीकडच्या एका कॉलेजात मॅडम होतेच, आता डॉक्टर मॅडम झाले. आणि काही वर्षांनी नसीम आली.

नसीम भवानीनगरची. तिचे अब्बा उस्मानभाई यांचं तिथं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान. आता मोबाईल, मिक्सर, गावातलं जे बिघडेल ते. पोरगी तिसरी-चौथीत असल्यापासून तिथं सोल्डरिंग करायची. एम.ई.ला तिनं माझ्याच हाताखाली काम घेतलं, आणि विषय कुठला घ्यावा? माझाच अँटेना. "मॅडम, तुमचा तिसरा बँड मी खरोखरच्या उसात लावून बघते," म्हणाली. कौतुकानं म्हणाली हो! मला ‘नाही’ म्हणता आलं असतं. दुसरा विषय देता आला असता. मी म्हटलं, बघ.

गुळगुळीत कागदावर डिझाईन छापायचं, ते इस्त्रीनं तांब्यावर उतरवायचं, मग नको असलेलं तांबं खाऊन टाकणाऱ्या फेरिक क्लोराईडच्या ट्रेमध्ये पाटी हलवत बसायचं. तिची बोटं वर्षभर तांबूस होती. पाटीमागून पाटी. एकेक इतकी स्वच्छ की माझ्या विद्यार्थ्यांत तसं काम मी आजवर बघितलं नाही. पुण्याला जाऊन मोजून यायची आणि दारात उभी राहायची.

"मॅडम, दोनच येत्यात."

हात ती लावायची नाही. का लावेल? भिंतीवर कागद होता ना!

आणि मी काय सांगितलं? आलं एकदाचं ते वाक्य. मी सांगितलं, तुझा टाका ड्राय आहे. ड्राय म्हणजे वरून चिकटलेला, आतून सुटा. दुरुस्तीवाल्याच्या पोरीला याहून मोठी शिवी नाही. मी ती विचार करून दिली. हवामान सांगता आलं असतं, पाटीचा माल खराब आहे म्हणता आलं असतं. पण टाक्याचं सांगितलं की ती दुसऱ्या कशावर संशयच घेणार नाही, पुन्हा पुन्हा टाकाच करत बसेल, हे मला नीट ठाऊक होतं. बसली तशी. आठ महिने!

एक दिवस उस्मानभाई स्वतः कॉलेजात आले. धुतलेला सदरा, हातात पाटी. खुर्ची दिली तरी बसले नाहीत.

"मॅडम, तुमच्यातलं मला कायबी कळत न्हाय. पर टाका मी बघितलाय. पक्का हाय. पोरीचं दुसरं काय चुकत आसंल तर सांगा, टाक्यात न्हाय."

नसीम त्यांच्या मागं उभी होती. मी पाटी हातात घेतली, टाका बघितला. आरशासारखा. आणि मी हसून म्हटलं, "उस्मानभाई, हे रेडिओचं काम नाही. वरून पक्का दिसतो. तुमच्या नजरेला आता नसेल दिसत."

ते "बरं" म्हणाले. पाटी परत घेतली, सदऱ्याला पुसली आणि गेले. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला, दुसरं काही नाही. डॉक्टर मॅडम सांगतात म्हणजे असेल!

नसीमच्या प्रबंधात शेवटच्या प्रकरणात एक वाक्य आहे : तिसरा बँड मिळाला नाही; कारण – लेखिकेच्या सोल्डरिंगमधील दोष. ते मी तिच्याकडून लिहून घेतलं. खाली तिची सही आहे, तिच्याखाली माझी. पुढं तिनं संशोधनाला अर्ज केला तेव्हा शिफारसपत्र मागायला माझ्याकडंच आली. मी लिहिलं – कष्टाळू, प्रामाणिक, प्रयोगात हात कमी पडतो. पत्र पाकिटात बंद होतं. तिला प्रवेश मिळाला नाही. ती दुकानात बसायला लागली.

मी झोपले का? म्हटलं ना वर. झोपले.

यंदा लॅबमध्ये तेच मशीन आलं, आता ते खिशात मावेल एवढं मिळतं. आणि शेळगावच्या एका मुलीनं पुन्हा माझंच डिझाईन घेतलं. परवा दुपारी तोंड बारीक करून दारात उभी – "मॅडम, दोनच." आणि काय सांगू, माझ्या जिभेवर ते वाक्य तयार होतं! शोधावं लागलं नाही, जमवावं लागलं नाही. तुझा टाका… एवढं म्हटलंसुद्धा मी. मग थांबले. चांगुलपणा वगैरे नाही, मला माझीच किळस आली. तिला म्हटलं, तुझं बरोबर आहे, दोनच आहेत, दोनच लिही. पोरगी घाबरून गेली.

ती गेल्यावर कपाटातून माझी जुनी पाटी काढली. लावली. दोन. बोट ठेवलं – तीन. बारा वर्षांत बोटाची जागा चुकली नव्हती.

विद्यापीठाला पत्र टाकलंय, पेपर छापला त्यांनाही. त्यात सगळं आहे, बोटासकट. नसीमच्या प्रबंधातलं वाक्य खोटं आहे आणि ते माझं आहे, हेही आहे. डॉक्टरकी काढून घेतील? घेऊ देत. लोक काय म्हणतील, ते त्यांनी खुशाल म्हणावं. मी दारं लावून बसणारी नाही.

पत्राच्या आधी मात्र ती जुनी पाटी घेऊन भवानीनगरला गेले. साखर कारखाना सुरू होता, मळीचा वास अंगावर येत होता. दुकानात पुढं उस्मानभाई बसलेले, गिऱ्हाइकाकडून वस्तू घेणं, वस्तू देणं. सोल्डरिंग आत नसीम करत होती. मी तिच्या टेबलापाशी उभी राहून सगळं सांगितलं, तुम्हाला सांगितलं तसंच, पण वळसा न घालता. तिनं मान वर केली नाही. हातातला मोबाईल पुरा केला, सोल्डरिंग गन स्टँडवर ठेवली.

"माझं नंतर बघू," ती म्हणाली. "आधी अब्बांना सांगा. त्या दिसापासनं त्यांनी गन हातात धरली न्हाय. म्हणत्यात, माझी नजर गेली."

हे मला माहीत नव्हतं. माहीत असतं तर आधी आले असते का? खोटं कशाला बोलू – नसते आले.

पुढं गेले. म्हटलं, "उस्मानभाई, नसीमचा टाका पक्का होता. तुमची नजर बरोबर होती. मी खोटं बोलले."

त्यांनी माझ्याकडं बघितलंच नाही. माझ्या हातातल्या पाटीसाठी हात पुढं केला. चष्मा कपाळावर चढवला, पाटी उजेडात तिरकी धरली, कनेक्टरखाली नख घातलं.

"ह्यो टाका कुणाचा?"

"माझा."

"ड्राय हाय," ते म्हणाले. आणि पाटी आणखी जवळ घेऊन, "सरळ दिसतंय की."

मग उठून आत गेले. नसीमनं न सांगता स्टूल सोडलं. त्यांनी गन उचलली, टोक माझ्या टाक्यावर टेकवलं. टाका झाला. त्यांनी फुंकर मारली, पाटी माझ्यापुढं ठेवली आणि पुढच्या गिऱ्हाइकाला विचारलं, "तुमचं काय, पावणं?" मला कुणी बस म्हणालं नाही, जा म्हणालं नाही.

कॉलेजात येऊन पाटी मशीनला लावली. दोन खड्डे. बोट ठेवलं, त्याच जागी. दोन. जोर लावून दाबलं.

दोनच. माझा टाका कच्चा होता म्हणून मला तिसरा बँड मिळाला, आणि नसीमचा पक्का होता म्हणून तिला तो कधीच मिळणार नव्हता.