मास्तरांवाचून कापूसनगरी

पांढुर्ण्याच्या मुलींच्या शाळेत मी मराठी शिकवत असे, आणि महिन्यातले चार-पाच दिवस शाळा सुटली की स्टेशनच्या रस्त्यावरच्या छापखान्यात जाऊन बसत असे. तिथून मुलांचे एक मासिक निघायचे. सोळा पाने, खरखरीत कागद. गोष्टी आणि कोडी तपासण्याचे काम माझ्याकडे होते. पण मुले ते मासिक घ्यायची ती मधल्या चार पानांसाठी. त्या पानांवर 'कापूसनगरी' ही चित्रकथा असायची.

कापूसनगरी आभाळात होती. तिथली घरे, झाडे, माणसे सगळी कापसाची. त्यांना भीती एकच, भिजण्याची. ओला राजा काळे ढग घेऊन चालून यायचा आणि एक पिंजाऱ्याची मुलगी आपल्या धनुकलीने ते ढग पिंजून टाकायची, इतके की पाणी हवेतच विरून जायचे. तिला नाव नव्हते. मुले तिला पिंजारीण म्हणत. रामाकोन्यापासून तिगावपर्यंतच्या शाळांत त्या काळी मधल्या सुट्टीत मुली वाकवलेली काडी घेऊन पिंजारीण होत.

ही कथा सौसरच्या शाळेतल्या ड्रॉइंग मास्तरांची. स्वातंत्र्य आल्यानंतर दोन-तीन वर्षांनी त्यांनी ती सुरू केली. नागपूरहून चित्रांचे छपाईचे ब्लॉक करून यायला फार दिवस लागत, म्हणून ते शिसवी लाकडाच्या तुकड्यांवर लहान पटाशीने स्वतःच चित्रे कोरत आणि ते ठसे पिशवीत घालून बसने घेऊन येत. चाळिशी उलटलेले होते, कानाने थोडे कमी. बाकावर बसून प्रत्येक चित्राखाली काय लिहायचे ते सांगायचे आणि मी लिहून घ्यायची.

पिंजारीण डावखुरी होती. त्यामागे खरे म्हणजे एक चूक होती. ठशावर चित्र उलटे कोरावे लागते, आणि पहिल्याच ठशात मास्तर ते विसरले. छापल्यावर धनुकली डाव्या हातात आली. छापखान्याचे मालक म्हणाले, दुसरा ठसा करा. मास्तर म्हणाले, "राहू द्या. डावखुऱ्या पोरीयले घरी मार बसते. एखादी तरी अशी असू द्या." तेव्हापासून ती डावखुरीच राहिली.

पुढे काय होणार हे मी पुष्कळदा विचारले. ते हसायचे आणि म्हणायचे, "बाई, मीच पाहून राहिलो अजून."

छप्पन्न साली राज्यांची पुनर्रचना झाली. नागपूर आणि वऱ्हाड मुंबई राज्यात गेले आणि आमचा भाग मध्य प्रदेशात राहिला. नोकरदारांना कुठे राहायचे ते लिहून द्यायला सांगितले. मास्तरांचे घर वरूडच्या बाजूला होते, म्हातारी आई तिथे एकटी होती. त्यांनी तिकडचे लिहून दिले. वरूड आमच्यापासून बसने काही तासांच्या वाटेवर, पण कागदावर ते दुसरे राज्य झाले.

मालकांना हे फार लागले. आपला भाग सोडून जाणारा माणूस म्हणजे त्यांच्या लेखी पळालेला माणूस. मास्तर निरोप घ्यायला आले तेव्हा मालक आत कागद मोजत बसले, बाहेर आलेच नाहीत. मास्तर मला म्हणाले, "मालकायले सांगा, मी तिकडून ठसे पाठवीन. त्यायनं फक्त एक पत्र टाकावं, की पाठवा म्हणून."

मी ते मालकांना सांगितले. त्यांनी मान हलवली. पत्र गेले नाही.

शेवटच्या अंकात ओल्या राजाने नगरीला वेढा घातला होता आणि पिंजारीण वेशीवर एकटी उभी होती. तिथेच कथा थांबली. मासिक वर्षभर कसेबसे चालले, मग बंद पडले.

दोन वर्षांनी मालकांनी मला बोलावले. कचेऱ्यांतली मराठी कमी होत चालली होती आणि छापखान्यात आता अर्ध्याहून जास्त काम हिंदीचे असायचे. मालकांचा चेहरा उतरला होता. त्यांच्यासमोर मुलांच्या जुन्या पत्रांचा गठ्ठा होता.

"मासिक पुन्हा काढतो म्हणतो," ते म्हणाले. "पण कापूसनगरीशिवाय कोणी हात नाही लावणार. तुम्ही लिहा."

"ती मास्तरांची आहे."

"मास्तर त्या राज्यातले झाले आता. कथा इथली आहे. तुम्हाले तर सगळी पाठ आहे."

मी म्हटले, त्यांना विचारल्याशिवाय मी लिहिणार नाही. मी तिथेच पत्र लिहिले आणि छापखान्याच्या टपालात टाकण्यासाठी मालकांच्या हातात दिले. तीन आठवडे उत्तर आले नाही. पोस्ट ऑफिस माझ्या शाळेच्या वाटेवरच होते, दुसरे पत्र मी स्वतः टाकू शकले असते. मी टाकले नाही. मला ती कथा लिहायची होती. इतकी वर्षे दुसऱ्याची वाक्ये उतरवून घेतल्यावर एकदा आपले वाक्य त्या चित्राखाली पाहावे असे वाटत होते. उत्तर नाही म्हणजे हरकत नाही, अशी मी मनाची समजूत घातली.

चित्रांसाठी दुकानांच्या पाट्या रंगवणारा एक पेंटर मिळाला. हात साफ होता. जुन्या अंकांवर पातळ कागद ठेवून तो चेहरे उतरवायचा आणि ब्लॉक नागपूरहून होऊन यायचे. मालकांना विजय हवा होता. मी पिंजारणीला जिंकवले, ओल्या राजाला हाकलले, आणि तिसऱ्या अंकात मालकांच्याच आग्रहाने एका राजपुत्राशी तिचे लग्न लावले.

पहिला अंक मी वर्गात नेला. मुली त्यावर तुटून पडल्या, मग हळूहळू गप्प झाल्या. पुढच्या बाकावरची एक मुलगी मला म्हणाली, "बाई, ही ती नाही."

"का गं?"

"हिनं धनुकली उजव्या हातात धरली."

मी पेंटरला सांगून पुढच्या अंकात हात बदलून घेतला. आता ती धनुकली डाव्या हातात धरत होती, आणि तरीही ती ती नव्हती. मुलींनी परत काही म्हटले नाही. त्या अंक घेऊन जात आणि मधली पाने न उघडता कोडी सोडवत बसत.

चौथा अंक छापला जात असताना, एका दुपारी मास्तर छापखान्याच्या दारात उभे राहिले. खूप वाळले होते. खांद्याला तीच पिशवी. तिकडच्या एका विद्यार्थ्याच्या मामाकडून त्यांच्या हाती अंक पडला होता, आणि मासिक पुन्हा निघाले एवढे कळल्यावर ते मिळेल त्या बसने आले होते. अंक त्यांनी आतून पाहिला होता की नाही, हे मला कधीच कळले नाही.

मालकांनी त्यांना बसायला सांगितले. मास्तरांनी पिशवी उघडून ठसे एकेक करून टेबलावर मांडले. अकरा होते. "वेढ्यापासून पुढचे हायेत," ते मालकांना म्हणाले. "तीन वर्षं करून राहिलो होतो. तुमच्या पत्राची वाट पाहत होतो."

मी विचारले, "मास्तर, माझं पत्र नाही मिळालं?"

"कोणतं पत्र, बाई?"

मी मालकांकडे पाहिले. ते खाली पाहत होते. मग ते म्हणाले, आणि आवाज कठोर नव्हता, थकलेला होता, "मास्तर, आता कथा पुढं गेली. राजा हरला. पोरीचं लग्न झालं."

मास्तरांना ऐकू आले नसावे असे मला वाटले. पण ऐकू आले होते. ते मला म्हणाले, "लग्न तुम्ही लावलं?"

"हो."

"बरं."

एवढेच. त्यांनी रागावून काही बोलावे म्हणून मी वाट पाहत राहिले. मला तेव्हा म्हणता आले असते की हे सगळे रद्द करू, पुढच्या अंकात छापू की ते स्वप्न होते, मुले माफ करतात. मालकांशी भांडता आले असते. मी काहीच बोलले नाही, कारण मशीनवर माझे पान चढले होते.

सगळ्यात वरचा ठसा माझ्यासमोर होता. उलटे कोरलेले चित्र वाचायची मला सवय होती. पिंजारीण खाली वाकून ढगांमधून जमिनीकडे पाहत होती आणि जमीन भेगाळलेली होती. इतकी वर्षे तिने अडवलेला पाऊस खाली कोणाला तरी हवा होता, हे तिला पहिल्यांदाच दिसत होते. मला ते कधी सुचले नव्हते. पुढचे दहा ठसे पाहायच्या आधीच मास्तरांनी ते गोळा करून पिशवीत घातले. चहा आला होता, तो त्यांनी पूर्ण प्यायला. जाताना माझ्या शाळेची विचारपूस केली.

मासिक आणखी दोन अंक चालले. मालकांनी चित्रांखाली हिंदीही छापून पाहिले, पण ते कोणालाच नको होते. शेवटच्या अंकाचे न खपलेले गठ्ठे संत्र्याच्या पेट्यांत अंथरायला गेले.

त्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी वरूडला गेले. ठसे मागून घ्यायचे आणि कुठल्या तरी छापखान्यातून ती कथा जशीच्या तशी छापून घ्यायची, असे मी ठरवले होते. मास्तर घराच्या ओट्यावर बसले होते. त्यांची आई वारली होती. मी माफी मागितली तेव्हा त्यांनी हाताने ती बाजूला सारली.

"ठसे कुठायत, मास्तर?"

"रंधा मारला त्यायच्यावर. शाळेत शिसवी कुठं भेटते? पोरं आता त्याच्यावर पानं-फुलं कोरून राहिले."

"मग पुढं काय होतं, ते तरी सांगा. मी लिहून घेते."

ते म्हणाले, "आठवत नाही, बाई." त्यांना आठवत होते. ते मला सांगायची त्यांची इच्छा नव्हती, आणि तसे करायचा त्यांना हक्क होता.

मी त्यानंतर पुष्कळ वर्षे मराठी शिकवले, पण स्वतःचे असे काही लिहिले नाही. मास्तर गेल्याचे मला दोन महिन्यांनी कळले, बसमध्ये भेटलेल्या एका ओळखीच्या माणसाकडून. तो सहज बोलता बोलता सांगून गेला आणि पुढच्या थांब्यावर उतरला.