पुढच्या कमानीतले ठोकळे

कमानवाल्यांना किळस फार लवकर यायची. दुसऱ्याच्या कपातला चहा चालत नसे, दाराच्या कडीला लागलेलं ग्रीस चालत नसे, आणि गंजावर रंग फासून आणलेली गाडी दिसली की नाकपुड्या अशा आक्रसायच्या, जणू कुणी समोर नासकं दूध धरलंय. जुन्या गाड्यांच्या कमानी, म्हणजे चाकांवरचा भार पेलणाऱ्या पोलादी पाट्यांच्या चळती, घडवण्यात पस्तीस वर्षं गेली होती. दिवसभर कोपरापर्यंत काळे व्हायचे, पण जेवायला बसताना नखात एक रेघ सापडायची नाही. शेडचा अर्धा भाग त्यांचा, अर्धा धाकट्या भावाचा. भट्टी एकच.

अशा माणसाच्या जावयाने एक जुनाट जीप विकत घेतली. बायकोपेक्षा दोन वर्षांनी मोठी. दर रविवारी मित्रांबरोबर दगडगोट्यांतून गाड्या घालायच्या, हा त्यांचा नवा नाद.

"बाबा, चार इंच वर उचलायचीय," जावई म्हणाले आणि पिशवीतून लोखंडाचे लालभडक ठोकळे काढून बाकावर मांडले. "धुरा आणि कमान यांच्यामध्ये हे ठेवायचे. झालं काम."

कमानवाले गाडीखाली शिरले. वर उंदराने चिंध्यांचं घर केलेलं, त्यात वाळलेली पिल्लं. गिअरचं तेल गळून मातीशी कालवलं गेलेलं, त्याचा कुबट वास. तोंडावर रुमाल दाबून ते बाहेर आले.

"मागे एक वेळ चालतील. पुढे नाही. ब्रेक दाबला की सगळा जोर पुढच्या कमानीवर येतो. ठोकळा सरकला की चाक एकीकडे आणि गाडी भलतीकडे."

"मग?"

"कमानी नव्या घडवू. ब्रेकचे पाईप लांब लागतील, शॉकअप लांब लागतील, शाफ्टचा कोन बदलावा लागेल. तीन आठवडे धरा."

"तीन आठवडे? बाबा, आम्ही येत्या रविवारी निघतोय!"

दुसरं कुणी असतं तर कमानवाल्यांनी ठोकळ्यांसकट हाकललं असतं. पण जावई पडले. कमानवाले नुसतं "बघा बुवा" म्हणाले आणि हात धुवायला गेले.

त्याच आठवड्यात बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं. तीन दिवस ते तिच्याकडे राहिले. परत आले तेव्हा जीप शेडमध्ये नव्हती. नेली असेल कुणाकडे तरी, असं समजून त्यांनी विषय सोडला.

पुढच्या सोमवारी मुलगी एकटीच ती जीप चालवत आली. चढायला-उतरायला तिला दाराची मूठ धरून लोंबकळावं लागत होतं.

"बाबा, वेग घेतला की स्टिअरिंग थरथरतं. आणि काल उतारावर ब्रेक मारला तर गाडी एकदम डावीकडे ओढली गेली, कठड्याला घासली. सासूबाई मागे बसल्या होत्या. त्या अजून माझ्याशी बोलत नाहीयेत."

त्यांनी जॅक लावला, टेकूच्या घोड्या सरकवल्या आणि खाली गेले. पुढच्या कमानीखाली लाल ठोकळे होते. एक नाही, दोन. एकावर एक. कमान आवळणारे यू-बोल्ट जुनेच, आटे ताणून पांढरे पडलेले. ब्रेकचा पाईप कपडे वाळत घालायच्या दोरीसारखा ताठ. आणि बाकी सगळ्यावर काळा चकचकीत रंग. चिखल खरवडण्याचीही तसदी नाही, चिखलावरूनच ब्रश फिरवलेला. त्यात उंदराची एक चिंधीसुद्धा रंगून चिकटली होती.

कमानवाल्यांच्या तोंडात आंबट पाणी आलं. ते बाहेर आले, गटाराशी जाऊन थुंकले, चूळ भरली. मग पुन्हा खाली गेले, कारण काहीतरी डोळ्यांत खुपलं होतं. ठोकळ्यांना वेल्डिंगचे तीन टाके होते, चौथा कोपरा मोकळा सोडलेला. असा डाग देणारी माणसं त्यांच्या माहितीत दोनच होती. एक ते स्वतः.

त्यांनी भावाला हाक मारली. तो हात पुसत आला.

"हे तू केलंस?"

"जावईबापू हटून बसले, दादा. तू नव्हतास. परक्याकडे गेले असते तर बरं दिसलं असतं का?"

"पुढे ठोकळे? दोन-दोन? आपल्या शेडमध्ये? माझ्या मुलीच्या गाडीला? अरे, बघून ओकारी येतेय मला. हात कसा धजावला तुझा?"

भाऊ खाली बघत होता, पण शेवटच्या वाक्यावर त्याने मान वर केली.

"दुधाच्या टेम्पोला लावलेस तेव्हा तुझा धजावला होता तसाच. लोखंड धरून मीच उभा होतो, दादा. चौथा कोपरा मोकळा ठेव, हे तूच सांगितलंस."

मुलीने वडिलांकडे पाहिलं. "बाबा, खरं?"

"खरं," ते म्हणाले. "नवीन धंदा होता. गिऱ्हाईक घाईत होतं."

"पुढे काय झालं त्या टेम्पोचं?"

"माहीत नाही. दिसला की मी गल्ली बदलायचो. मग दिसेनासा झाला. विचारलं नाही कधी."

हे बोलताना त्यांचा चेहरा तसाच आक्रसला होता, जसा नासक्या कामासमोर आक्रसायचा. फक्त या वेळी नाक मुरडून बाजूला व्हायला जागा नव्हती.

"काढ सगळं," ते भावाला म्हणाले. "आणि जावयांना फोन लाव."

जावई आले ते इस्त्रीचा शर्ट घालून. कमानवाल्यांनी तारेचा ब्रश त्यांच्या हातात दिला. "या खाली. रंग खरवडायचाय." तीन दिवस जावई पाठीवर झोपून चिखल आणि रंग तोंडावर घेत होते. दोघे भाऊ भट्टीशी पाटे तापवत, घणाने वाक देत काम करत होते. पाईप नवे आले, यू-बोल्ट नवे आले. सोळाव्या दिवशी जीप तयार झाली. चार नव्हे, तीनच इंच. त्याच उतारावर ब्रेक दाबला तेव्हा ती रेघ ओढल्यासारखी सरळ थांबली. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी कमानवाले चालत दूधवाल्याकडे गेले. म्हातारा खुर्चीत बसून किटल्या मोजून घेत होता. त्यांनी आडपडदा न ठेवता टेम्पोचं विचारलं.

"तुमचे ते ठोकळे?" म्हातारा म्हणाला. "महिन्याभरातच काढून फेकले. पलीकडच्या मिस्त्रीने पाहिले आणि दोन बोटांनी उचलून दाखवले मला, मेलेली पाल उचलावी तसे. त्यानंतर मी तुमच्याकडे एकदाही गाडी आणली नाही. तुमच्या लक्षात नाही आलं?"

"नाही," कमानवाले म्हणाले.

म्हाताऱ्याने चहा मागवला. कपाच्या काठाला साय वाळलेली होती. कमानवाल्यांनी तो कप पुसला नाही, तसाच ओठाला लावला आणि सगळा चहा संपवला.