परीसाठी उन्हातली झाडं

“आधी चप्पल काढा,” मावशी म्हणायच्या. गिऱ्हाइकाने रोपाला हात लावायच्या आत हा हुकूम सुटायचा. रोपवाटिकेतल्या तापलेल्या फरशीवर अनवाणी उभं करून त्या विचारायच्या, “तुमच्या जागंवर एवढंच ऊन हाय का जास्त?” सिरसाळ्याच्या रस्त्यावर त्यांच्याकडून तुम्ही साधा गुलाब जरी नेला असेल, तरी तळपाय भाजले असणारच.

मी गेलो होतो परीच्या बागेसाठी. आमच्या शाळेच्या उघड्या अंगणात जनावरांना पाणी पाजायची जुनी दगडी डोणी पडून होती. तिच्यात इवलं घर, इवली वाट, इवली झाडं लावून परीचं गाव वसवायचं, असं चौथीच्या मुलींनी ठरवलं. त्यातल्या निम्म्या दिवाळीनंतर आईबापांबरोबर ऊसतोडीला जाणार होत्या. “सर, आम्ही परत येईपर्यंत राहील ना?” त्यांनी विचारलं. मी शब्द देऊन बसलो.

माझ्या मोबाइलवरच्या फोटोत परीभोवती नेचे आणि शेवाळ होतं. मावशींनी तो लांब धरून पाहिला. “ही थंड गावची परी हाय. हितं पापड होईल तिचा. न्हाई देत.”

“मावशी, मी बीएस्सी आहे. वनस्पतिशास्त्र.”

“मग तर लईच अवघड हाय.”

आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. हे फार लागलं. दुसरीकडून नेचे आणले. चौथ्या दिवशी डोणीत चहाच्या चोथ्यासारखं काहीतरी उरलं. मुलींनी पुठ्ठ्याचं घर तेवढं उचलून वर्गात ठेवलं.

पुन्हा गेलो तेव्हा न सांगता चप्पल काढली. मावशी हसल्या नाहीत. म्हणजे, थोड्याच हसल्या. दुसऱ्या दिवशी भर बाराला त्या शाळेत आल्या आणि डोक्यावर पदर घेऊन डोणीशेजारी बसल्या.

“मावशी, व्हरांड्यात बसा की.”

“झाडाला म्हनता का, व्हरांड्यात बस? ईस वर्सं ऊस तोडलाय मी. ऊन मला इचारा.”

तासाभराने उठून त्यांनी निम्मी वाळू घालून माती कालवली. परीचं मोठं झाड म्हणून जाड, रसाळ पानांच्या जेडची फांदी, फुलांना चिनी गुलाब, कुंपणाला कोरफडीची पिल्लं. “पानी आठ दिसाला. लाड केले की सडतंय. बीएस्सीला सांगितलं न्हाई का?”

संक्रांतीनंतर मुलगा त्यांना पुण्याला घेऊन गेला. रोपवाटिकेला कुलूप लागलं.

एप्रिलमध्ये मुली परतल्या. रापलेल्या, उंच झालेल्या. दप्तरं न ठेवताच डोणीकडे धावल्या. मी मावशींना फोन लावला. त्यांनी फुलांचं विचारलंच नाही. “जेडखाली सावली पडती का?”

मी वाकून पाहिलं. तळहाताएवढी सावली होती, आणि एकीने तिच्यात चिंधीची परी आडवी केली होती.

“पडते, मावशी! परी झोपलीय तिथं!”

“मग वरडताय कावून?” त्या म्हणाल्या. “हळू बोला की.”