पिन्न्याचा पाठ

दत्तात्रय मास्तर म्हणजे आमच्या शाळेतला सगळ्यात हुशार आणि सगळ्यात बावळट माणूस. मी शेजारच्या वर्गात गणित शिकवायचो, म्हणून छातीवर हात ठेवून सांगतो. लग्नाला चार वर्षं झाली तरी बायको, विमल, गावाबाहेर लालबागेत माहेरीच. "नोकरी कायम झाल्याशिवाय पोरगी नांदायला धाडणार नाही!" असं सासरे गिरधरपंत बजावून बसलेले.

सन पस्तीसच्या थंडीत नागपूरचे डिप्टीसाहेब शाळेच्या तपासणीला यायचे ठरले. पाठ पसंत पडला तर नोकरी कायम. मास्तरांनी विषय घेतला 'पिन्ना'. माणसात पिन्ना म्हणजे बाहेरचा कान, झाडात चिंचेसारख्या पानातलं एकेक पातं, माशात त्याचा पोहायचा पर.

"चित्रं दाखवा की," मी म्हटलं.

"छे! खरी वस्तूच हवी."

तपासणीच्या दिवशी सकाळी हा गडी तापीवर गेला, मासे धरणाऱ्या भोयाकडून जिवंत मासोळी घेतली आणि घातली कशात? पूजेच्या तांब्यात! वर चिंचेची डहाळी. वाटेत बुधवारा पेठेत ओळखीची मालूबाई तीर्थ मागायला आडवी आली. "उद्या देतो, मावशी," म्हणत सुटला.

तांब्या टेबलावर ठेवून तो माझ्याकडे खडू मागायला आला, तेवढ्यात साहेब वर्गात शिरले. मोठे सोवळे माणूस. "वा! तापीमाईचं तीर्थ!" म्हणत डहाळी बाजूला सारली, ओंजळीत ओतलं, डोळे मिटून प्याले. पुन्हा ओतलं, तर हातात मासोळी! आम्ही दोघे दारात.

मास्तर घाबरले? नाव नको! पाठ अंगात आलेला. "मुलांनो, साहेबांच्या हातात मासोळी हलवतेय तो पिन्ना! कोटावर पडलंय ते पातं, तोही पिन्ना! आणि साहेबांचे लालबुंद झालेत ते दोन..."

"बस्स!" साहेब ओरडले. मग दार लावून हळूच म्हणाले, "हे नागपुरात कळलं तर मला पंगतीत कोण घेईल? शपथ घ्या सगळे." घेतली. साहेब आता हयात नाहीत, म्हणून बोलतोय. 'कायम करण्यास योग्य' असा कागद लिहून देऊन ते आंघोळीला पळाले.

कागद घेऊन मास्तर तडक लालबागेत, मागोमाग मी. गिरधरपंतांनी कागद वाचला आणि नाक मुरडलं. "हाताला मासळीचा वास? बामणाच्या?"

शपथेपायी बिचाऱ्याला तोंड उघडता येईना.

"चालते व्हा! पोरगी मिळायची नाही!"

तेवढ्यात आतून विमल ट्रंक घेऊन बाहेर आली. "बाबा, चार वर्षं वाट पाहिली. आता यांनी मासे रांधायला लावले तरी जाते." मग नवऱ्याकडे वळली. "चला हो. घरात शिरायच्या आधी हात तेवढे राखेनं घासा."