पाठीवरची गाठ

आमच्याकडे साखरपुडा असो की डोहाळजेवण, जेवणं उरकली की मला किस्से सांगायला बसवतात. किश्शांत फजिती माझीच असते, त्यामुळे कुणाला राग येत नाही. थोरल्या मुलीची गोष्ट मात्र मी आजवर सांगितली नाही. ती तेरा दिवस जगली.

तेव्हा मी एकलहऱ्याच्या वीज केंद्रात स्टोअरला कारकून होतो. दिवसभर नट-बोल्ट देऊन-घेऊन आपल्याला यंत्रं कळतात, असा माझा समज झाला होता. आणि यंत्रं कळतात म्हटल्यावर माणसांचं काय एवढं!

मुलगी नाशिकरोडच्या एका प्रसूतिगृहात झाली. तिच्या पाठीवर, कमरेच्या जरा वर, लिंबाएवढी मऊ गाठ होती. वरची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ. नर्सनं मला बाजूला घेतलं. "हिला अजिबात हात लावू नका. आजच मोठ्या दवाखान्यात न्या." बायको थकून झोपली होती. ओल्या बाळंतिणीला कशाला घाबरवा, बारसं झालं की दाखवू, असं मी ठरवलं. तिला म्हणालो, "जन्माची गाठ आहे, बसेल हळूहळू."

बायकोला आई नव्हती, म्हणून बाळंतपण आमच्याच क्वार्टरमध्ये. मालिशीला एक मावशी यायच्या. पाय लांब करून त्यावर बाळ पालथं घालायच्या, तेल जिरवायच्या, मग नाक चिमटीत धरून सरळ करायच्या आणि डोकं दोन्ही तळव्यांत घेऊन गोल. कॉलनीतली निम्मी नाकं त्यांच्याच हातची होती. गाठीपाशी आल्या की मात्र त्यांचा हात वळसा घालून जायचा.

"अहो, ही पाय हलवत नाही," बायको म्हणाली.

"बापावर गेलीय. जेवणाची हाक आली की हलेल," मी म्हणालो. ती हसली नाही.

दहाव्या दिवशी मी मावशींना म्हटलं, "मावशी, नाक बसवता, डोकं बसवता, मग एवढीशी गाठ नाही बसवता येत?"

"नाक येगळं, दादा. ह्याच्यात पाणी खेळतंय. मी नाय हात लावणार."

"मी सांगतोय ना! हलक्या हातानं जिरवा."

बायको मोरीत होती. मावशींनी माझ्याकडे पाहिलं, मग बोटं तेलात बुडवली.

दुसऱ्या दिवशी दुपटं ओलं झालं. मी म्हटलं, "शू केली असेल." बायकोनं लंगोट पाहिला, तो कोरडा होता. पाठ भिजली होती आणि गाठ चपटी झाली होती. मला वाटलं, बसली!

संध्याकाळी अंग तापलं. रिक्षात मावशींनीच मुलीला मांडीवर पालथी धरली होती.

डॉक्टर म्हणाले, "मणका पोटातच जुळायचा राहिलाय. या पिशवीत पाठीच्या कण्याच्या नसा होत्या. पाय तर जन्मापासूनच गेलेले. पण फुटायच्या आत आणली असती तर शिवता आली असती, कदाचित जगली असती. कुणी दाबली?"

बायको माझ्याकडे बघत होती. मी म्हणालो, "मालिशवालीनं."

मावशी दारात उभ्या होत्या, हातात ते ओलं दुपटं. डॉक्टर त्यांना वाट्टेल ते बोलले. त्या एवढंच म्हणाल्या, "दादा म्हणत्यात, तर तसंच."

तिसऱ्या दिवशी मुलगी गेली. ही गोष्ट कॉलनीत पसरायला आठवडा पुरला. त्यानंतर मावशींना कुणी बोलावलं नाही. बायकोनं एकदाच विचारलं, "प्रसूतिगृहात कुणी काही बोललं नव्हतं ना हो?"

"नाही," मी म्हणालो.

दोन वर्षांनी धाकटी झाली, पाठ एकदम स्वच्छ. बायको म्हणाली, "मावशींनाच बोलवा. माणूस चुकतं. मी कधीच माफ केलंय त्यांना."

मी गेलो. मावशी अंगणात मेथीच्या जुड्या बांधत होत्या. मी निरोप सांगितला. त्या जुडी बांधायच्या थांबल्या नाहीत.

"बाईंना खरं सांगितलं का, दादा?"

मी खाली पडलेली मेथीची काडी उचलून जुड्यांवर ठेवली.

"मग मी कोणत्या तोंडानं येऊ? त्या मला माफ करणार, आन् मी ते ऐकून घेऊ?"

घरी येऊन सांगितलं, मावशींनी काम सोडलंय. बायकोनं धाकटीला स्वतःच न्हाऊ घातलं. पाठीला तेल लावायची वेळ आली की ती मला हाक मारायची, "अहो, जरा बघता का, काही लागत नाही ना हाताला?" मी रोज वाकून बघायचो आणि रोज सांगायचो, काही नाही.