शुभाची चप्पल तरंगली तो दिवस

बनारसच्या रामघाटावर जन्मून, तिथंच वाढून शुभाला पोहता येत नव्हतं.

परवा ती गेली.

खूप जणांचे फोन आणि मेसेज आलेत. सगळ्यांना उत्तर दिलेलं नाही, रागावू नका. जे सांगायचंय ते इथंच लिहिते.

तिच्या काकाला गंगेनं नेलं, तेव्हापासून त्यांच्या घरात मुलींना पाण्यात उतरायची बंदी. आम्ही मैत्रिणी घाटावरून उड्या मारायचो आणि ही वरच्या पायरीवर बसून आमचे कपडे सांभाळायची.

तिथून आम्हाला शिव्याही घालायची, ते वेगळं.

चार वर्षांपूर्वी आम्ही तिघी अंदमानला गेलो. मी, शुभा आणि नीलू. शाळेपासूनच्या मैत्रिणी. नवरे नाहीत, मुलं नाहीत, अशी पहिलीच ट्रिप.

नील बेटावर उतरलो आणि पाऊस.

काचेच्या तळाची बोट कॅन्सल. बीच रिकामे. सकाळभर एका छपराखाली शहाळं पीत बसलो. नीलूची चिडचिड सुरू झाली, तेव्हा गाडीवाला म्हणाला, समुद्रात दगडाची एक कमान आहे, ओहोटी असेपर्यंत चालत जाता येतं.

"पर पानी चढ़ने से पहले लौट आइएगा."

नीलू म्हणाली, "भैया, हम बनारस के हैं. पानी हमें मत सिखाइए."

आम्ही हसलो. तेव्हा हसू येत होतं.

कमानीखाली पाऊस लागत नव्हता. फोटो काढले. शुभानं पिशवीतून चिवड्याचा डबा काढला, आणि बसायच्या आधी पायातली एक चप्पल काढून पाण्याच्या जरा वर, दगडाच्या कडेला ठेवली.

बाहेरच्यांना हे कळणार नाही. पुराच्या दिवसांत आमच्याकडे घाटाच्या पायरीवर वीट ठेवतात. वीट बुडाली की घरी येऊन सांगायचं, पाणी चढलं. सकाळी ठेवलेली वीट संध्याकाळी बुडते, कधी कधी दुसऱ्या दिवशी. सामान वर न्यायला आमचं पाणी वेळ देतं.

"अगं, आरामात खाऊ दे ना," नीलू म्हणाली. "इतक्या जल्दी कुठं चढतं पाणी?"

चिवडा संपायच्या आत चप्पल तरंगत होती.

शुभानं नुसतं बोट दाखवलं. मी उठून मागं पाहिलं. ज्या दगडांवरून आम्ही चालत आलो होतो, ते दिसेनात. किनाऱ्यापर्यंत सगळं पाणी आणि वरून पाऊस. तिकडे एक माणूस नाही. फोनला रेंज नाही.

नीलू आधी उतरली. कमरेच्या वर पाणी. पाय घसरला, खाली गेली, उठली, परत चालू लागली. "चला ना, जल्दी या," ती मागं वळून ओरडत होती.

शुभा हलेना.

"तू जा मंजू. मी थांबते. पाणी उतरलं की येईन."

"उतरायच्या आधी ते तुझ्या डोक्यावरून जाईल."

"मला पोहता येत नाही."

"मला येतं ना."

एक लाट आली आणि डबा घेऊन गेली. मी ओढणी काढली, एक टोक तिच्या मनगटाला बांधलं, दुसरं माझ्या मुठीभोवती गुंडाळलं.

"सोडणार नाहीस ना?"

"नाही."

"शपथ घे."

"गंगेची शपथ."

तशातही ती म्हणाली, "इथं गंगा कुठंय?"

आणि उतरली.

खाली धारदार दगड. मध्यावर पाणी माझ्या छातीला लागलं, म्हणजे तिच्या हनुवटीला. पुढच्या लाटेनं तिचे पाय उचलले आणि ती दिसेनाशी झाली.

माझ्या हातात फक्त ताणलेली ओढणी.

मी ओढत राहिले. मूठ जळत होती. माझेही पाय सुटत होते. तिच्याबरोबर मीही जाणार असं मला स्पष्ट वाटलं, आणि तरी मूठ उघडेना. मग तिचं डोकं वर आलं. ओरडली नाही, खोकत एवढंच म्हणाली, "मंजू."

नीलू परत पाण्यात शिरली होती. तिनं दुसरा हात धरला.

वाळूवर आम्ही तिघी पावसात आडव्या पडलो. शुभाच्या एका पायात दुसरी चप्पल तशीच होती. हॉटेलपर्यंत ती एकाच चपलेवर चालली. फेकून दे म्हटलं तर म्हणाली, "इतक्या लांब आणलीये, फेकू कशी?"

ती चप्पल बनारसला परत आली. आत्ताही तिच्या दारामागे आहे.

गेला महिनाभर दवाखान्यात तिचं बोलणं बंद झालं होतं. पण मी जवळ बसले की माझ्या ओढणीचं टोक शोधायची आणि मुठीत धरायची. नर्सला वाटायचं, सवय असेल.

आज तिसरा दिवस. अस्थी घेऊन रामघाटावरून नावेत बसलो. पाऊस होताच. खालच्या पायऱ्या बुडाल्यात, आणि वरच्या कोरड्या पायरीवर कुणीतरी वीट ठेवली होती.

गुरुजींचे मंत्र झाले. शुभाच्या लेकीनं, इरानं, कलश माझ्याकडे दिला.

"मावशी, माझ्यानं नाही होत. तू सोड."

मी कलश पाण्यावर धरला. हात उघडेनात. गुरुजी थांबले. इरा माझ्याकडे बघत होती.

शेवटी नाववाला हळूच म्हणाला, "दीदी, अब छोड़ दीजिए."

शपथ गंगेची घेतली होती. म्हणून आधी मनातल्या मनात तिलाच विचारलं.

मग सोडलं.

शुभे, जा आता. घाबरू नकोस. हे आपलं पाणी आहे, हळूहळू चढणारं.